दगड काय चालतो?

"दगड काय चालतो का, मॅडम?"

सागर-विकास खात्याचे सचिव ठोसर असं म्हणाले आणि स्वतःच हसले. सचिव हसले म्हटल्यावर टेबलाभोवतीचे सगळे हसले. ज्यांना विनोद कळला नव्हता ते जरा जास्तच हसले. खात्यातली शास्त्रज्ञ डॉ. वैजयंती तांडेल तेवढी हसली नाही. तिचं मागणं इतकंच होतं, की कातळवेळच्या समुद्रमापन केंद्रातल्या शून्याच्या दगडाची दरवर्षीची पडताळणी बंद करू नका. एक तिपाई, तिच्यावर डंपी लेव्हल म्हणतात ती दुर्बीण, समोर पट्टी धरणारा एक माणूस आणि दिवसभराचं काम.

"चाळीस वर्षं तोच दगड मोजताय आणि दरवर्षी तो तिथंच सापडतो," ठोसर म्हणाले. "यातून जनतेला काय मिळालं?"

"तो तिथंच आहे हे कळलं."

पुन्हा हशा पिकला. चहा आला. पडताळणी बंद झाली.

आता हा दगड काय प्रकार आहे ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यापायी झाली. समुद्र वर आला म्हणणं सोपं आहे, पण कशापासून वर? लाटा वरखाली, भरती-ओहोटी वरखाली, पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला पाणी सुस्त. त्यात चंद्राची कक्षाही हळूहळू कलते आणि सावरते. तो फेरा पुरा व्हायला साडेअठरा वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात भरत्या आपोआप थोड्या फुगतात, थोड्या ओसरतात. म्हणजे पाच-दहा वर्षं मोजून जो छाती पुढे काढून बोलेल तो समुद्राबद्दल नव्हे, चंद्राबद्दल बोलत असेल. या सगळ्या धांदलीतून समुद्राचा खरा चढ वेगळा काढायचा, आणि तो वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढी. त्यासाठी चिकाटी लागते आणि एक न हलणारी जागा लागते. कातळवेळच्या जेटीला लागून काळ्या कातळाचा उंचवटा होता. त्याच्या माथ्यावर पितळेची चकती बसवली होती. चकतीच्या खाली ठरावीक अंतरावर शून्य धरायचं आणि भरतीमापकाने पाणी त्या शून्यापासून मोजायचं. मापक बिघडला, बदलला, वादळात वाहून गेला, तरी नवा मापक त्या चकतीवरूनच लावायचा. चकती स्वतः हललेली नाही ना, हे दरवर्षी डोंगरावरच्या शाळेच्या जोत्यातल्या दुसऱ्या खुणेशी ताडून बघायचं.

या कंटाळवाण्या उद्योगावर लोक जगत होते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. खाडीवरचा पूल किती उंच, वादळ आलं की कुठली वाडी आधी हलवायची, कुठल्या विहिरी पुढे खाऱ्या होणार, बंदराचा गाळ कधी काढायचा, हे सगळं त्या चाळीस वर्षांतून निघत होतं. फायदा झाला तो सर्वांचा, म्हणून त्याचा मालक कुणीच नव्हता. ठोसरांसारख्या माणसाला तर दर तीन महिन्यांनी फीत कापता येईल असाच फायदा दिसतो.

फीत कापण्याजोगी गोष्ट त्यांना लवकरच मिळाली. तिचं नाव 'सागरज्ञ'.

सागरज्ञ हे शिकणारं यंत्र होतं. देशभरच्या केंद्रांच्या नोंदी, उपग्रहांची चित्रं, वाऱ्या-पावसाचे आकडे असं सगळं त्याला भरवलं होतं. किनाऱ्यावरच्या कुठल्याही जागी पुढच्या शंभर वर्षांत पाणी कुठवर येईल ते यंत्र एका दमात सांगायचं, तेही गोड आवाजात. यंत्र चांगलं होतं. वैजयंतीने स्वतः त्याला शिकवायला मुंबईत काही वर्षं घालवली होती. वाईट होती ती यंत्राभोवतीची माणसं. यंत्र हुशार झालं म्हणजे आता समुद्र मोजायची गरज उरली नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. केंद्रं एकेक करून माणसांविना चालू लागली, मग नुसतीच राहिली. मापकाची देखभाल ठेकेदाराकडे गेली. आकडे डोळ्यांखालून घालणाऱ्या तपासनिसांची पदं रद्द झाली. जेवायला बसलेल्याने स्वयंपाकघर पाडायला घ्यावं तसला प्रकार, असं वैजयंती कँटीनमध्ये मोठ्याने म्हणायची आणि आसपासच्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या.

मग एके दिवशी सागरज्ञने कातळवेळबद्दल एक चमत्कार जाहीर केला.

उपग्रह वरून सांगत होते की कोकण किनाऱ्यावर सगळीकडे पाणी चढतंय. कातळवेळचा मापक मात्र सांगत होता की इथं पाणी उतरलंय. दोन्ही खरं धरायचं तर एकच उत्तर उरतं, आणि यंत्राने ते काढलं: कातळवेळची जमीन वर येतेय.

किनाऱ्यावर दुसरीकडे वाड्या बुडत होत्या आणि हे एक गाव म्हणे स्वतःहून वर उचललं जात होतं! बातम्यांना उधाण आलं. 'उगवतं गाव' असा फलक महामार्गावर लागला. कुणी भूमातेच्या कृपेवर व्याख्यानं दिली, कुणी गावाच्या मातीच्या पुड्या विकल्या. ठोसरांनी खाडीच्या तोंडाची चिखलवट भरून तिथं 'उदय वसाहत' उभी केली. बुडणाऱ्या वाड्यांतली कुटुंबं तिथं यायची होती. समुद्राच्या बाजूला बांध घातला. त्याची उंची सागरज्ञने ठरवली. जमीन वर येतेय म्हटल्यावर उंच बांध हवा कशाला?

"जांभ्याचा किनारा चार-पाच वर्षांत हातभर वर येत नसतो," वैजयंती बैठकीत म्हणाली. "एवढं झालं असतं तर आधी घरांच्या भिंती फुटल्या असत्या. एकदा माणूस पाठवून दगड तपासा."

"पुन्हा दगड!" ठोसर म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले. पुढच्याच आठवड्यात तिला आदेश मिळाला, की कातळवेळला जाऊन केंद्र रिकामं करून चाव्या द्याव्यात. तिथं आता 'सागरज्ञ अनुभव कक्ष' होणार होता आणि त्याच्या दारात सेल्फीसाठी फायबरचा शंख बसणार होता.

कातळवेळ हे वैजयंतीचं माहेर. चार वर्षांत तिने तिथं पाऊल टाकलं नव्हतं. धाकटा भाऊ दिगंबर गावचा सरपंच झाला होता, आणि केंद्र बंद करायच्या ठरावावर पहिली सही त्याची होती. तेव्हा तिने फोनवर त्याला जे सुनावलं ते पुन्हा सांगण्यासारखं नाही. त्याला ती मनातून लहानपणापासून बावळट समजायची आणि ते लपवायचे कष्टही घ्यायची नाही.

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी ती पोचली. दिगू जेटीवरच भेटला. पौर्णिमेला मंत्र्यांच्या हस्ते वसाहतीचा गृहप्रवेश होता आणि त्याच्या अंगात वारं शिरलं होतं.

"इलंस? वाटलाच नाय येतलंस म्हणान."

"चाव्यो देवक इलंय."

"ऱ्हव आता. गृहप्रवेश बघूनच जा." त्याने खाडीकडे बोट दाखवलं. "बांधाक लागान पयला घर दिसता मा? तां माझा. लोकांका धीर येवक होयो, म्हणान पयलो मी रवाक जातलंय. रेश्मा, पोरां, सगळी. जुन्या घराची अर्धी कौलां उतरवली कालच."

वैजयंतीने बांधाकडे पाहिलं. भरती निम्मीसुद्धा झाली नव्हती आणि पाणी बांधाच्या पोटाला लागलेलं होतं. ती काही बोलणार तेवढ्यात दिगू तिला हाताला धरून जेटीच्या टोकाला घेऊन गेला. तिथं टाइल्सचा चौथरा होता, वर पत्र्याची छत्री, घंटा आणि झेंडूच्या माळा.

"बघ गे ताई, तुझो झिरोबा! काय थाट केलो हा आम्ही!"

झिरोबाची गोष्ट वैजयंतीला माहीत होती. केंद्रातले लोक त्या चकतीला 'झिरो' म्हणायचे. दरवर्षी मुंबईहून साहेब यायचे, कातळासमोर गुडघे टेकायचे, दुर्बिणीतून निरखायचे, चकती पुसायचे, आणि कुणाला तिच्यावर पाय ठेवू द्यायचे नाहीत. एवढं सगळं साहेब लोक करतात म्हणजे जागा जागृत असणार, हे गावाने ओळखलं. कुणीतरी शेंदूर लावला, कुणीतरी नारळ ठेवला, आणि झिरोचा झिरोबा झाला. होड्या त्याला विचारून निघू लागल्या. ठोसरांनी तर एका भाषणात झिरोबा ही कोकणातली झऱ्यांची प्राचीन देवता असल्याचं सांगून टाळ्या घेतल्या होत्या. वैजयंतीला या सगळ्याचं हसू यायचं. पण शेंदराने चकती हलत नाही, म्हणून तिने कधी हरकत घेतली नव्हती.

आता ती चौथऱ्याकडे बघत राहिली. शेंदूर तोच, कातळाचा तुकडा तोच, चकतीही तीच. पण झिरोबा तिच्या छातीच्या उंचीवर होता. पूर्वी तो कमरेला लागायचा.

"दिगू," तिने विचारलं, "देव खंय होतो? आदी?"

"थंय खाली, कातळार. जेटी रुंद केली तेव्हा वर आणलो." त्याची छाती फुगली. "घाव नाय घातलो हां एकय! वायरच्या करवतीन कातळाचो माथो कापून घेतलो, चकतीसकट. ढोल-ताशे लावले. अख्खो गाव मिरवणुकीक होतो. असो सोहळो पंचक्रोशीत झालो नाय."

"मापक तेव्हा बंद होतो?"

"जेटीचा काम चल्ला होता मा. सा-सात म्हयने बंद. मगे ठेकेदाराची माणसां इली, झिरोबाक नारळ दिल्यानी, चकतीवरना माप घेतल्यानी आणि नवो मापक लावन गेली. हुशार माणसां."

वैजयंती चौथऱ्याच्या पायरीवर बसली. एवढी वर्षं ज्या गोष्टीचं उत्तर मागत ती मुंबईत भांडत होती, ते इथं झेंडूची माळ घालून उभं होतं. दगड चालला होता. वाजतगाजत, गुलाल उधळत, भावाच्या पुढाकाराने चालला होता. चकती हातभर वर, म्हणून शून्य हातभर वर, म्हणून समुद्र कागदावर हातभर खाली. मधल्या बंद महिन्यांची रिकामी जागा सागरज्ञने आपल्या अकलेने भरली होती. त्यामुळे एका रात्रीत पडलेल्या उडीचा सावकाश उतार झाला. तो उतार बघून उगवत्या गावाची व्याख्यानं झाली. तपासनीस असता तर त्याने चहा पिता पिता ती उडी ओळखली असती. पण तो कसा असणार? तो खर्चात कापला होता.

तिला रागाने हसू फुटलं. दिगूला वाटलं, ताई खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या कोपऱ्यात पडलेली डंपी लेव्हल तिने झटकून बाहेर काढली आणि शाळेच्या जोत्यापासून झिरोबापर्यंत माप आणलं. पट्टी धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून दिगूलाच धरायला लावली. फरक एक हात आणि वर चार बोटं निघाला. तेवढा फरक दगड हलल्यानंतरच्या नोंदींत मिळवला तेव्हा चाळीस वर्षांची रेघ पुन्हा सरळ झाली. समुद्र इतर ठिकाणी चढत होता तसाच इथंही चढत होता. बांध तेवढ्यानेच ठेंगणा होता. वर उद्याचं उधाण आणि नैर्ऋत्येचं वारं.

तिने ठोसरांना फोन लावला. ठोसर पडद्यावर आले ते आरशासमोर नवं जाकीट घालून बघत.

"मॅडम, मंत्रीमहोदय निघालेत," सगळं ऐकून ते म्हणाले. "आणि तुमचंच म्हणणं धरलं तर चुकीचा आकडा तुमच्याच केंद्रातला ना? मग चाळीस वर्षांचं सगळंच संशयास्पद झालं. मी ते सगळं यंत्रातून काढून टाकायला सांगू शकतो. तशी तुमची इच्छा आहे का?"

"दगड कुठे सरकला ते मला माहीत आहे. किती सरकला तेही मोजलंय. बाकीचा प्रत्येक आकडा सोन्यासारखा आहे. तुम्ही पडताळणी बंद केली नसती तर..."

"असं करा," ठोसर मवाळ झाले, "नंतर टिपण पाठवा. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. उद्या मात्र गप्प राहा. दगड हलवला कुणी, हे चौकशीत निघालं तर सरपंच तुमचेच बंधू आहेत असं ऐकतो."

पडदा विझला. माणूस मूर्ख असेल तर त्याला सगळ्याच बाबतीत मूर्ख असू द्यावं, एवढीही सोय देवाने केलेली नाही, असं तिच्या मनात आलं. नेमकी कुठे कळ दाबायची ते ठोसरांना बरोबर कळत होतं.

दिगू दारात उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, बांध फुडच्या वर्सा वाढवू. उद्याचा दिवस काढूया. लोकांसमोर बोललंस तर माका गावात तोंड दाखवक जागा रवाची नाय."

"आणि उद्या दुपारी रेश्मा नि पोरां त्या घरात असतली तेव्हा?"

"यंत्र सांगता मा, पाणी येवचा नाय म्हणान!"

"यंत्राक काय ठावक? यंत्रान समुद्र बघल्यान हा कधी? आमी सांगलो तोच समुद्र त्याका ठावक! आणि आमी खोटा सांगला." तिचा आवाज चढला. "तू बावळट तो बावळटच ऱ्हवलंस, दिगू."

तो निघून गेला. रात्री तो जेवायलाही आला नाही. रेश्माने वैजयंतीला वाढलं आणि विचारलं, "खराच पाणी येतला, ताई?" वैजयंती हो म्हणाली. रेश्माने उठून बांधून ठेवलेली भांड्यांची गाठोडी सोडायला घेतली. ती बाई आपल्या शब्दावर विश्वास ठेवते आणि आपण मात्र कधी तिच्याशी चार वाक्यं धड बोललो नाही, याची वैजयंतीला तेव्हा लाज वाटली.

पौर्णिमेला सकाळी सगळा गाव झिरोबासमोर जमला. गावकीचे बापू घाडी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आधी देवाला गाऱ्हाणं, मग दर्याला नारळ, आणि भर उधाणाला, बरोबर दुपारी, मंत्र्यांसोबत गृहप्रवेश असा बेत होता. बुडणाऱ्या वाड्यांतून आलेली कुटुंबं आपापली बोचकी घेऊन मागे उभी होती.

"बा देवा झिरोबा म्हाराजा," बापूंनी सुरुवात केली, "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे गोळा झाली हत..."

"होय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"बापू, माका एक विचारूचा हा," वैजयंती पुढे होऊन म्हणाली.

गाऱ्हाण्यात मध्येच कुणी बोलत नाही. बापूंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तांडेलांची शिकलेली मुलगी म्हणून थांबले. तिने रात्री बसून भाषण जुळवलं होतं. सरासरी, उतार, चंद्राचा फेरा असं सगळं त्यात होतं. समोरची तोंडं बघून तिने ते गिळलं.

"देवाक खालसून वर कित्याक आणल्यात?"

"कित्याक म्हणजे? उधाणाक पायाक पाणी लागा! देवाक भिजत ठेवतले?"

"तुमच्या लहानपणी लागा?"

"नाय गो बाय. तेव्हा पाणी कातळाच्या बुडाक शिवा आणि मागे फिरा."

"म्हणजे पाणी वर इला, म्हणान देव वर नेल्यात."

"होय."

"आणि सरकार सांगता, कातळवेळात पाणी खाली गेला. कशावरना सांगता? त्यांचा यंत्र पाणी मोजता ह्या देवापासून. देव वर गेलो म्हणान त्याका वाटला पाणी खाली गेला. ह्या सोडून दुसरा काय एक झाला नाय. जमीन वर येवक नाय. बांध एका हातान ठेंगणो हा."

लोक आधी झिरोबाकडे बघत राहिले, मग वळून बांधाकडे. पाणी बांधाच्या माथ्याजवळ आलं होतं आणि भरतीला अजून बराच वेळ होता. बोचकी घेतलेल्या एका बाईने आपलं बोचकं पुन्हा डोक्यावर घेतलं.

"मगे ह्या केल्यान कोणी?" मागून एक आवाज चिरकला. "कोणाच्या सांगण्यावरना देव हललो?"

वैजयंतीकडे उत्तर तयार होतं: ठोसर, खातं, ठेकेदार. ती तोंड उघडणार तेवढ्यात दिगू पुढे आला. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"माझ्या," तो म्हणाला. "आणि बापूंका ठावक हा, देव तयार नव्हतो. कौल लावलो तर पयल्या बाराक डावो, म्हणजे नाय. दुसऱ्या बाराक पण डावो. मी म्हटलंय, पाकळी नीट चिकटाक नाय, परत लावा. तिसऱ्या बाराक उजवो घेतलंय, कारण जेटीच्या उद्घाटनाची तारीख ठरली होती." त्याने झिरोबाला हात जोडले. "मी रवाक जाणय नाय त्या घरात. माझी बायको-पोरां पण जाणत नाय. कोणीच जाव नको. फुडे काय ता माझ्या डोक्यार."

बापूंनी मान खाली घातली. देवाने दोनदा नाही म्हटलं होतं, आणि वैजयंतीने सचिवांना किती वेळा सांगितलं होतं त्याची गणतीच नव्हती. दोघांचंही कुणी ऐकलं नव्हतं. झिरोबाबद्दल तिला पहिल्यांदाच आपलेपणा वाटला. आपल्या भावाला बावळट म्हणायचा हक्कही आज सकाळपासून आपल्याला उरला नाही, हेही तिला कळलं.

गाव बोचक्यांसकट डोंगरावरच्या शाळेत गेला.

मंत्री आले तेव्हा वसाहतीत पोलीस, पत्रकार, कंत्राटदार, बँडवाले आणि ठोसर एवढेच होते. लोक कुठे आहेत, असं मंत्र्यांनी विचारलं. स्थानिक अंधश्रद्धेमुळे थोडा विलंब झालाय, असं ठोसरांनी सांगितलं. फीत कापली गेली. मंचामागच्या भल्यामोठ्या पडद्यावर सागरज्ञ हिरव्या अक्षरांत 'सुरक्षित' असं दाखवत होतं, आणि त्याचा गोड आवाज उगवत्या भूमीचं स्वागत करत होता.

पाणी लाटांनी वगैरे आलं नाही. ते नुसतं बांधावरून सांडायला लागलं, भरलेल्या हंड्यातून सांडतं तसं. आधी सतरंजी भिजली, मग बँडवाल्यांनी ढोल डोक्यावर घेतले, मग खुर्च्या तरंगायला लागल्या. वाऱ्याचा एक झपाटा आला आणि बांधाचा मधला तुकडा आत बसला. पहिल्या रांगेतल्या दिगूच्या नव्या घरात खिडकीपर्यंत पाणी शिरलं. मंत्र्यांना पोलिसांनी पाठुंगळी मारून गाडीत घातलं. ठोसर मंचावर चढले, मग मंचावरच्या सोफ्यावर चढले. त्यांच्या मागे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून यंत्र 'सुरक्षित' म्हणतच होतं. त्याचा दोष नव्हता. त्याला जे शिकवलं तेच ते बोलत होतं.

होड्या घेऊन शेवटी गावच आला. दिगूने आपली होडी मंचाला लावली आणि ठोसरांना खांदा देऊन उतरवून घेतलं. जेटीवर वैजयंती उभी होती. या क्षणासाठी तिने किती तरी बोचरी वाक्यं वर्षानुवर्षं घासून ठेवली होती. जाकीट चिखलाने माखलेला तो माणूस जेटीच्या कडेला चाचपडताना बघून तिला त्यातलं एकही वाया घालवावंसं वाटेना.

"जपून, सर," ती म्हणाली. "दगडावर शेवाळ आहे."

कुणी दगावलं नाही. म्हणून चौकशीही यथातथाच झाली. अहवालात निष्कर्ष निघाला, की 'पारंपरिक श्रद्धेमुळे नोंदींत त्रुटी उद्भवली. यंत्र निर्दोष आहे'. पडताळणी कुणी बंद केली याचा अहवालात उल्लेख नव्हता. ठोसर बढतीवर दिल्लीला गेले आणि तिथं आपत्ती-व्यवस्थापनावर व्याख्यानं देऊ लागले. दिगूचं सरपंचपद गेलं. केंद्र बंद ते बंदच राहिलं. अनुभव कक्ष तेवढा झाला आणि त्याच्या दारात फायबरचा शंख बसला. वैजयंतीने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कातळवेळला राहायला आली. डंपी लेव्हल जमा करायला ती विसरली, आणि खात्यात ती कशाला म्हणतात हे माहीत असलेला कुणी उरला नव्हता, म्हणून कुणी मागितलीही नाही.

पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आधी बापू घाडी तिच्याकडे आले. गावाचं म्हणणं होतं, झिरोबाला परत खाली मूळ कातळावर नेऊया.

"खबरदार!" वैजयंती ओरडली. "आता हा थंय ऱ्हवांदे. किती हललो ता मोजून झाला हा. परत हलवल्यात तर मी गाव सोडतलंय. देवाक हलवू नको. वर्षाक एकदा फक्त बघूया, देव जागेर आसा काय नाय तो."

बापूंना ते पटलं. देवाला काही मागायच्या आधी देव जागेवर आहे की नाही हे बघणं त्यांना रीतसर वाटलं.

पौर्णिमेच्या सकाळी डंपीला हळदकुंकू लागलं. वैजयंतीला हे अजिबात पसंत नव्हतं आणि तिने ते सगळ्यांना ऐकवलं. तरी भिंगावर कुंकू लावू नका एवढ्यावर तिने तडजोड केली. दिगू शाळेच्या जोत्यापाशी पट्टी धरून उभा राहिला. यंदा त्याने ती मानाने मागून घेतली होती. बापूंनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तू आपल्या जागेर आसंस काय नाय, तां आज तुझी लेकरां बघतत, तेका गोड मानून घे..."

"होय म्हाराजा!"

वैजयंतीने डोळा दुर्बिणीला लावला. टप्प्याटप्प्याने माप उतरत उतरत झिरोबापर्यंत आलं. तिने आकडा दोनदा वाचला.

"जागेर आसा!" ती ओरडली.

ढोल वाजले. मग तिने पाणी मोजलं. ते गेल्या वर्षीपेक्षा किंचित वर होतं. तेही तिने मोठ्याने सांगितलं, आणि लोकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

अनुभव कक्ष बघायला खात्याचा एक नवा अधिकारी आला होता. इस्त्रीचा शर्ट घातलेला तो तरुण शंखाशी फोटो काढून जेटीवर आला आणि कौतुकाने सगळं बघत उभा राहिला.

"दरवर्षी करणार हे?" त्याने विचारलं.

"दरवर्षी."

"पण दगड तर तिथंच असणार ना, मॅडम? दगड काय चालतो?"

आधी दिगू हसला. मग बापू हसले, मग होड्यांवरचे, मग बायका, मग अख्खी जेटी हसत सुटली. विनोद न कळलेलं तिथं त्या अधिकाऱ्याशिवाय कुणीच नव्हतं. या वेळी वैजयंतीही हसली, आणि पट्टी त्याच्या हातात देऊन म्हणाली, "धरा. तुम्हीच बघा."